बाजरीची मूठ

झुंबरबाईला शनिवार नकोसा झाला होता. तसे तिला आताशा सगळेच वार नकोसे झाले होते. पण शनिवार जरा जास्तच, कारण त्या दिवशी खांद्याला पिशव्या अडकवून तिला अख्खा मिशनवाडा फिरावा लागे.

मिशनवाडा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका गावाबाहेर पंधरा-सोळा घरं, एक आड, चार निंब आणि कौलांचं एक देऊळ. देवळाला घंटा नव्हती. झुंबरबाईचा नवरा वना रेल्वेच्या लायनीवर कामाला होता, त्यानं रुळाचा एक मोडका तुकडा आणून निंबाला टांगला होता. रविवारी तोच ठणाठणा वाजवायचे. वनाला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, तुकडा मात्र अजून वाजत होता.

वाड्याची एक रीत होती. घरच्या बाईनं चूल पेटवण्याआधी एक मूठ दाणे देवाचे म्हणून वेगळ्या गाडग्यात टाकायचे. शनिवारी झुंबरबाईनं घरोघर जाऊन ते गोळा करायचे. त्यातलं बरंचसं धान्य उपासना चालवणाऱ्या पाळकाच्या घरी जाई, कारण पाळकालाही पोट असतं. थोडं मात्र झुंबरबाईच्या घरी एका मडक्यात साठवलेलं असे, आणि प्रभुभोजनाचा दिवस आला की त्याची भाकर होई. शहरातल्या मंडळीत म्हणे डबलरोटी मोडतात. इथे भाकर मोडत आणि मनुका भिजवलेलं पाणी एका पेल्यातून पीत.

ही रीत घातली जुन्या तोतारामबुवांनी. वाड्याचे ते पहिले पाळक. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की प्रभुभोजनाच्या मेजावरच्या भाकरीत प्रत्येक घरचा दाणा पाहिजे. एका घरचा जरी राहिला तरी ती भाकर अपुरी. पीठसुद्धा बाहेरच्या गिरणीत नाही, आपल्याच जात्यावर दळायचं. बुवा गेले, पण बुवांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे उघडपणे मोडायची नव्हती.

आता, ख्रिस्ती माणसांची वस्ती म्हणजे तिथे भांडणतंटा नसणार, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं झुंबरबाईबरोबर एका शनिवारी फेरी मारायला हवी होती. कमलबाईच्या दारी गेलं की ती मूठ पिशवीत टाकता टाकता मगनच्या बायकोचं गाऱ्हाणं सुरू करी. मगनच्या कोंबड्या हिच्या वाळवणात येतात, आणि कोंबड्या हाकलल्या तर मगनची बायको हिच्या सात पिढ्या हाकलते. पुढं मगनच्या दारी गेलं की तेच गाऱ्हाणं उलट्या बाजूनं. झुंबरबाई उंबऱ्याशी टेकून ऐकायची. मधून मधून "मंग?" एवढंच म्हणायची. बोलणारीचं सगळं बोलून संपलं की म्हणायची, "रईवारले मेजवर यानं शे ना? मंग त्याना पहिले मिटाडी टाका." आणि पुढच्या घरी जायची. बऱ्याचदा मिटायचंही. तिच्या अंगी समेट करायची हातोटी आहे असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर तिच्या अंगी फक्त दमणूक होती. ती कुणाची बाजू घ्यायची नाही, कारण बाजू घ्यायलाही जोर लागतो.

पण सगळ्यांच्या भांडणांची गाठ सोडवणाऱ्या या बाईच्या खांद्याला दोन पिशव्या असायच्या. एक मोठी, गोणपाटाची. दुसरी लहान, निळ्या लुगड्याच्या तुकड्याची. मोठीत सगळ्यांचे दाणे. निळीत एकाच घरचे. ते घर यशोदाबाईचं.

निळ्या पिशवीतलं धान्य ती थेट पाळकाच्या घरी ओतून मोकळी व्हायची. मेजाच्या मडक्यात त्यातला एक दाणाही ती पडू देत नसे. चोरी नाही, नासाडी नाही, देवाचं देवाच्या माणसाला पोचलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. पंचवीस वर्षं ती हे करत होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

झुंबरबाई आणि यशोदाबाई या दोघी संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या दुष्काळातल्या पोरी. आईबाप रस्त्यात कुठं पडले ते दोघींनाही धड आठवत नव्हतं. मिशनच्या अनाथगृहात दोघी एका गोधडीत निजल्या, एका ताटात जेवल्या. जात्यावरही त्यांची जोडी ठरलेली. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालायच्या आणि गीतं म्हणत शेरावर शेर दळून काढायच्या. पुढं एकाच वर्षी दोघींची लग्नं लागली आणि दोघी याच वाड्यात, समोरासमोरच्या घरांत नांदायला आल्या. झुंबरबाईला मुलगी झाली, रेशमा. यशोदाबाईला मुलगा झाला, अभिमन. दोन्ही लेकरं कुणाच्याही चुलीपाशी जेवायची.

मग अठरा सालचा मानमोडीचा ताप आला. त्या तापानं वाड्यातली किती माणसं नेली, त्यांची नावं अजून उपासनेत घेतात. वना तेव्हा लायनीच्या कामाला नंदुरबारकडे होता. झुंबरबाई आणि चार वर्षांची रेशमा, दोघी तापानं फणफणल्या होत्या. घरातलं पाणी संपलं. पोर पाणी पाणी करत होती. दिवेलागणीची वेळ होती. झुंबरबाईला उभं राहवत नव्हतं. ती हातावर रांगत समोरच्या दारापाशी गेली आणि तिनं दार ठोठावलं. यशोदे, पाणी दे व, पोर मागस. पुन्हा ठोठावलं. आत दिवा होता, दाराच्या फटीतून उजेड दिसत होता. छपरातून धूर निघत होता. दार उघडलं नाही.

ती तशीच रांगत परत आली. सकाळी रेशमा गार झाली होती.

अभिमन जगला. मोठा झाला, भुसावळला रेल्वेत चिकटला, आणि आईला विसरला. पण ते पुढचं.

त्या सांजेबद्दल यशोदाबाईनं कधी ब्र काढला नाही. झुंबरबाईनंही विचारलं नाही. कधी तिला वाटायचं, यशोदाही तापात बेशुद्ध पडली असेल. कधी वाटायचं, आपलाच आवाज फुटला नसेल. विचारलं तर खरं काय ते कळेल, आणि ते कळल्यावर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून न विचारलेलंच बरं. मनातली अढी मात्र वर्षागणिक घट्ट होत गेली.

दोघी एकमेकींशी बोलत नाहीत एवढं तोतारामबुवांच्या लक्षात आलं होतं. ताप ओसरल्यावर, पहिल्याच प्रभुभोजनाआधी त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं, हातात हात दिले आणि म्हणाले, "म्हणा, क्षमा केली." झुंबरबाई म्हणाली. यशोदाबाईही म्हणाली. कोणी कशाची क्षमा केली ते विचारायची बुवांना आठवण झाली नाही. बुवा माणूस चांगला होता, पण चांगल्या माणसांना अशा कामात फार घाई असते. त्याच आठवड्यात झुंबरबाईनं जुनं लुगडं फाडून निळी पिशवी शिवली.

पुढं यशोदाबाईचा नवरा वारला. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तिच्या दिराची हलकी जमीन होती. तो दरवर्षी भावजयीला बाजरी पाठवी. वाड्यातली बाकीची सगळी काळ्या जमिनीत राबणारी, त्यांना मजुरीत ज्वारी मिळे. त्यामुळे वाड्यात ज्वारीच्या मुठी सगळ्यांच्या आणि बाजरीची मूठ एकट्या यशोदाबाईची. निळी पिशवी त्यानं आणखीच सोपी झाली. चुकून मिसळायची भीतीच उरली नाही.

दर शनिवारी झुंबरबाई त्या दारासमोर उभी राही. यशोदाबाई गाडगं घेऊन बाहेर येई, निळ्या पिशवीत बाजरी ओती, आणि दोघींपैकी कुणीही काही न बोलता शनिवार पार पडे.

त्रेचाळीस सालचा उन्हाळा आला. लढाईचे दिवस. बाजारात रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि जे मिळे त्याला हात लावायची सोय नव्हती. पाळक आता सुकदेवराव होते, नगरकडं शिकून आलेले, तिशीतले, हसऱ्या तोंडाचे. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला तसे ते रविवारमागून रविवार क्षमेवर बोलू लागले. एकमेकांचं सोसा. एकमेकांना सांभाळून घ्या. भावानं कितीदा का चुका केल्या, मोजत बसू नका. झुंबरबाई मागे भिंतीला टेकून ऐकायची. क्षमा हा शब्द ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. हे पोरगं कुणाला काय क्षमा करून आलंय, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि मग तसं मनात आल्याची लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

तिचा उजवा खांदा त्या वर्षी धरला होता. हात डोक्यापर्यंत जाईना, केससुद्धा डाव्या हातानं विंचरायची. मेजाचं दळण एरवी गुंताबाईबरोबर व्हायचं. पण गुंताबाईचं सगळं बिऱ्हाड होळीनंतर धुळ्याला गिरणीच्या कामासाठी गेलं होतं. झुंबरबाईनं ही अडचण पाळकांच्या कानावर घातली. तिला वाटलं, ते कमलबाईला सांगतील. सुकदेवरावांनी सरळ उपासनेत उभं राहून विचारलं, "झुंबरअक्कांना मेजाचं दळण दळायला एक जण हवीय. कोण येईल?"

कमलबाईनं खाली बघितलं. मगनच्या बायकोनं पदराचा काठ तपासायला घेतला. देवाच्या कामाला हात द्यायचा म्हटलं की वाड्यातल्या प्रत्येकीचा हात कुठं ना कुठं अडकलेला असे. तेवढ्यात पुढच्या रांगेतून यशोदाबाई उठली.

"मी येसु," ती म्हणाली.

"छान! छान झालं!" पाळक म्हणाले.

सगळ्या मंडळीसमोर नाही कसं म्हणणार? झुंबरबाईनं मान हलवली.

गुरुवारी दुपारी यशोदाबाई आली. बाहेर झळा वाहत होत्या, वाड्यात सगळ्यांची दारं लोटलेली होती. तिच्या हातात एक लहानसं गाठोडं होतं. त्या घराचा उंबरा तिनं पंचवीस वर्षांत ओलांडला नव्हता. आत आल्यावर तिनं क्षणभर कोपऱ्याकडं पाहिलं, जिथं पूर्वी रेशमाची झोळी बांधलेली असे, आणि मग जात्यापाशी बसली.

झुंबरबाई समोर बसली. दोघींनी खुंट्याला हात घातले, यशोदाचा खाली, झुंबरचा वर, लहानपणी असायचे तसेच. हातांना ती सवय अजून होती, याचा झुंबरबाईला राग आला. जातं फिरू लागलं. तिनं डाव्या हातानं मडक्यातली ज्वारी मुठीमुठीनं जात्याच्या तोंडात सोडायला सुरुवात केली. दोन बायका जात्यावर बसल्या म्हणजे कुणीतरी गीत उचलतंच. इथं फक्त दगडाची घरघर होती. यशोदाबाई वाळून कोळ झाली होती. तिच्या मनगटाची हाडं वर आलेली झुंबरबाईला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत होती.

अर्धंअधिक दळण झालं. यशोदाबाईनं गाठोडं सोडलं. आत बाजरी होती.

"आते हाई टाक," ती म्हणाली.

झुंबरबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "तुन्ही बाजरी पाळकना घर जास."

"माले माहीत शे."

जातं फिरतच होतं. झुंबरबाईनं विचारलं, "काय माहीत शे?"

"मन्ही बाजरी भाकरमा नही ऱ्हास, ते. बाजरी पडनी तर भाकर काळी व्हस. मेजवरनी भाकर पांढरीफेक ऱ्हास. मी दर खेपले देखस."

झुंबरबाईचा हात थांबला. तिला हे कधी सुचलंच नव्हतं. पंचवीस वर्षं आपण चोख बंदोबस्त केला असं ती समजत होती, आणि साऱ्या मंडळीसमोर मेजावर ती पांढरी भाकर आपण होऊन सगळं सांगत होती. बाकी कुणाला ते दिसलं नाही. जिला दिसायचं तिला बाजरी आली त्या पहिल्याच वर्षी दिसलं. तरी ही बाई दर खेपेला हात पुढं करून ती भाकर घेत होती, खात होती, आणि दर शनिवारी बाजरीचं गाडगं घेऊन दारात येत होती.

"मंग बोलनी कसाले नही?"

"काय बोलसु?" यशोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मी तुले दार उघाडं नही. तू मन्ही बाजरी लिधी नही. माले वाटनं, बरोबर शे."

हा उच्चार पहिल्यांदा झाला होता. दार. आता मागं फिरणं नव्हतं.

"त्या सांजले तू घरमा व्हती?"

"व्हती."

"मन्हा आवाज ऐका व्हता?"

यशोदाबाई खोटं बोलली असती तर झुंबरबाईनं ते खरं मानलं असतं. तशी ती तयारच होती. ताप होता म्हण, झोप लागली म्हण, काहीही म्हण.

"ऐका व्हता," यशोदाबाई म्हणाली. "बठ्ठा ऐका. दारले पाठ लाईसन मी उभी व्हती. अभिमन कडेवर व्हता. माले भेव वाटनं, तू ताप घरमा लई येशी. दुसरं काई नही, झुंबर. भेव वाटनं."

झुंबरबाईनं खुंट्यावरचा हात काढला.

"जाय," ती म्हणाली.

यशोदाबाई उठली. बाजरीचं गाठोडं तिथंच राहिलं. ती दार लोटून गेली.

झुंबरबाईला रडू येईना. इतकी वर्षं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं, की कदाचित यशोदेनं ऐकलं नसेल. त्या कदाचितवर तिनं दिवस काढले होते. आता ते गेलं. ऐकलं होतं. शेणानं सारवलेल्या भुईवर आपण गुडघे खरडत होतो आणि दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर, यशोदा उभी होती. पाणी घरात होतं.

मग तिच्या लक्षात आलं की दळण अर्धंच झालंय. उद्या उत्तम शुक्रवार. तिनं दोन्ही हातांनी खुंटा धरला आणि ओढला. खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली. पुन्हा ओढला. जातं अर्धा फेरा फिरून अडलं. डाव्या हातानं करून पाहिलं. दाणे भरडले जात होते, पीठ पडत नव्हतं. तिनं डोकं जात्याच्या दगडाला टेकलं. दगड अजून गरम होता.

ती थकली होती. खांद्यानं थकली होती, शनिवारांनी थकली होती, आणि सगळ्यांत जास्त त्या रागानं थकली होती. राग म्हणजे काही फुकट नव्हता. रोज उठून त्याची निगा राखावी लागे, तो निवू नये म्हणून ती सांज रोज पुन्हा आठवावी लागे, आणि त्या आठवणीत रेशमा रोज पुन्हा पाणी मागे. पोरीचं हसणं, तिचे दात, तिचं बोबडं बोलणं, यातलं काहीच आता झुंबरबाईला आठवत नव्हतं. फक्त ते पाणी मागणं उरलं होतं. एवढ्या वर्षांत यशोदेचं काय वाकडं झालं, हे तिला सांगता आलं नसतं. आपलं काय झालं ते मात्र दिसत होतं.

हे सगळं तिला काही असं सुसूत्र वाटलं नाही. तिला एवढंच वाटलं, की आता होत नाही. ती भिंतीला धरून उठली आणि उन्हात बाहेर आली.

समोरचं दार बंद होतं. तेच दार. लाकूड तेच, खालची फट तीच. झुंबरबाईनं हात उचलला. उजवा उचलवेना, म्हणून डाव्या हातानं ठोठावलं.

दार लगेच उघडलं. यशोदाबाई दारापाशीच उभी होती.

यशोदाबाईचा पदर डोळ्यांशी ओला झाला होता. झुंबरबाईला वाटलं होतं की दार उघडलं की काहीतरी मोठं बोलायला सुचेल, पाळक बोलतात तसं. काही सुचलं नाही.

"मन्हा राग गया नही," ती म्हणाली. "जाई का, तेबी माले माहीत नही. पन दळन पडेल शे. चाल."

यशोदाबाई पायांत काही न घालता तशीच तापलेल्या फुफाट्यातून निघाली.

उरलेली ज्वारी दळून झाली. गाठोडं जात्याच्या कडेला पडलेलंच होतं. यशोदाबाईनं त्याला हात लावला नाही, पुन्हा काही म्हटलंही नाही. ती नुसती खुंट्याला हात लावून बसली होती. झुंबरबाईनं गाठोडं पुढं ओढलं, बाजरीची मूठ भरली आणि जात्याच्या तोंडात सोडली. मग दुसरी. पांढऱ्या पिठावर करडं पीठ पडू लागलं. गीत कुणीच उचललं नाही. पण पीठ भरून घेताना झुंबरबाईच्या लक्षात आलं, की आपण वर हात ठेवून नुसत्या बसलो होतो आणि मघापासून जातं एकटी यशोदाच ओढत होती.

शुक्रवारी मेजावर काळसर भाकर आली. बाजरीमुळं तिच्या कडा चिरल्या होत्या. सुकदेवराव ती मोडताना जरा थबकले, कारण तिचे तुकडे त्यांच्या मनासारखे पडेनात. कमलबाई शेजारणीच्या कानात पुटपुटली, औंदा भाकर करपेल दिसस. झुंबरबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं. थाळी पुढच्या रांगेत गेली. यशोदाबाईनं आपला तुकडा उचलला, हातात धरून पाहिला, आणि थाळी पुढं सरकवायचं ती विसरली; शेजारणीनंच ती घेतली. ती तो तुकडा फार वेळ चघळत होती. इतका वेळ, की पेला तिच्यापाशी येऊन थांबला आणि पाळकांना एक कडवं जास्तीचं म्हणावं लागलं.

झुंबरबाईनंही आपला तुकडा खाल्ला. तिला वाटलं होतं, गिळताना काहीतरी होईल, निदान छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. भाकर भाकरीसारखी लागली. दाताखाली बारीक खर आली, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावायला झाली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. झुंबरबाई खांद्याला पिशवी लावून निघाली. मगनच्या कोंबड्या ऐन उत्तम शुक्रवारीसुद्धा कमलबाईच्या वाळवणात गेल्या होत्या; त्याचं सगळं ऐकून झालं. सगळी दारं फिरता फिरता ऊन डोक्यावर आलं. यशोदाबाईच्या दारी ती शेवटी पोचली. यशोदाबाई गाडगं घेऊन बाहेर आली आणि सवयीनं निळी पिशवी शोधू लागली. निळी पिशवी नव्हती. झुंबरबाईनं गोणपाटाची पिशवी पुढं केली. आत सगळ्यांची ज्वारी होती. यशोदाबाईनं बाजरी तीत ओतली आणि ती ज्वारीत मिसळून गेली.

आता परत फिरायचं होतं. पण झुंबरबाईचे गुडघे भरून आले होते, आणि समोरचं आपलं घरही तिला लांब वाटलं. ती पिशवी खाली ठेवून त्याच उंबऱ्यावर बसली. तिच्या पाठीशी यशोदाचं दार उघडंच होतं.

"यशोदे," ती म्हणाली. "पाणी दे व."

यशोदाबाई आत धावली. आत तांब्या कशावर तरी आपटल्याचा आवाज झाला, पाणी सांडल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि तिचं अर्धं लुगडं भिजलं होतं. झुंबरबाईनं डाव्या हातानं तांब्या घेतला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली.